विश्लेषण : बीबीसीचे ‘टेलिव्हिजन सेंटर’ प्रश्नचिन्हाच्या आकाराचे का होते? ते मोडीत का निघाले?

चेंबूरचा आर. के. स्टुडिओ २०१९मध्ये ‘गोदरेज प्रॉपर्टीज’कडे गेला. गोरेगावचा १९४३पासूनचा फिल्मिस्तान स्टुडिओही २०२५मध्ये बांधकाम व्यावसायिकाच्या हाती गेला. महानगरातील जमिनीचा भाव वाढत गेला की सर्वात आधी नजर जाते ती अशा जागांवर. क्षेत्र मोठे, इमारती जुन्या आणि आत नेमके काय चालते याचा बाहेरच्यांना पत्ता नाही. लंडनच्या पश्चिम भागातील बीबीसीच्या ‘टेलिव्हिजन सेंटर’ची गोष्टही वरवर पाहता अशीच आहे. फरक इतकाच, की तो निव्वळ जुना स्टुडिओ नव्हता. दूरचित्रवाणीचा कार्यक्रम कसा तयार होतो, याचा विचार करून कागदाच्या पहिल्या रेघेपासून आखलेले ते संकुल होते. त्याची रचना समजून घेतली तर ते ५० वर्षे का चालले आणि नंतर का थांबले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या आराखड्यातच सापडतात.

जागा कोणती आणि गरज का भासली?

बीबीसीने नियमित दूरचित्रवाणी प्रक्षेपण सुरू केले ते नोव्हेंबर १९३६मध्ये, उत्तर लंडनमधील टेकडीवरच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून. ही व्हिक्टोरियाकालीन वास्तू प्रदर्शने आणि करमणुकीसाठी बांधलेली. तिच्या एका कोपऱ्यात दोन स्टुडिओ थाटले गेले. दुसऱ्या महायुद्धात प्रक्षेपण बंद राहिले, १९४६मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि जागा अपुरी पडणार हे लवकरच कळून चुकले. १९४९मध्ये बीबीसीने व्हाइट सिटी भागात सुमारे १३ एकरांचा भूखंड घेतला. १९०८मध्ये येथे फ्रँको-ब्रिटिश प्रदर्शन भरले होते. त्या प्रदर्शनातील पांढऱ्याशुभ्र मंडपांमुळेच या भागाला ‘व्हाइट सिटी’ हे नाव पडले. त्याच वर्षीचे ऑलिम्पिक ज्या मैदानात झाले, तेही अगदी शेजारीच होते.

जागा मिळाली, पण बांधकाम काही पुढे सरकेना. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये सिमेंट-पोलादाची टंचाई होती. घरे आणि शाळांना प्राधान्य होते, आणि सरकारने बीबीसीच्या भांडवली खर्चावर निर्बंध घातले होते. म्हणून तात्पुरती सोय म्हणून जवळच्याच लाइम ग्रोव्ह येथील जुने चित्रपट स्टुडिओ रँक कंपनीकडून विकत घेण्यात आले. ही ‘तात्पुरती’ सोय पुढे चार दशके टिकली. सरकारी वा निमसरकारी कारभारात तात्पुरत्याचे आयुष्य किती असते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १९५३मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाचे थेट प्रक्षेपण झाले, त्यासाठी घरोघरी संच आले. १९५५मध्ये जाहिरातींवर चालणारी स्पर्धक वाहिनी आयटीव्ही सुरू झाली. मग मात्र थांबणे परवडणारे नव्हते. अखेर २९ जून १९६० रोजी टेलिव्हिजन सेंटर सुरू झाले, तेही ‘स्टुडिओ ३’ या एकाच स्टुडिओनिशी. बाकीचे पुढच्या सात-आठ वर्षांत एकेक करून तयार झाले.

प्रश्नचिन्हाचा आकार कुठून आला?

वास्तुरचनाकार होते ‘नॉर्मन अँड डॉबर्न’ संस्थेचे ग्रॅहॅम डॉबर्न. भूखंड वेडावाकडा, त्यावर किमान सात-आठ मोठे स्टुडिओ बसवायचे, आणि पुढे वाढीला वावही ठेवायचा. हे सारे कसे जमवावे या विचारात असताना डॉबर्न यांनी एका लिफाफ्याच्या पाठीवर प्रश्नचिन्ह काढले, आणि या जागेसाठी हाच आकार योग्य आहे, हे त्यांच्या लक्षात आले अशी कथा सांगितली जाते. वास्तुकलेच्या इतिहासात अशा लिफाफ्यांच्या आणि हॉटेलातल्या कागदी रुमालांच्या कथा भरपूर असतात, आणि त्यातल्या बऱ्याच नंतर रचलेल्या असतात. इथे मात्र तो लिफाफा जपून ठेवलेला आहे.

प्रश्नचिन्हाचा गोल म्हणजे मधले मोकळे वर्तुळाकार अंगण आणि त्याभोवतीची इमारत. या गोलाच्या बाहेरच्या अंगाला पंख्याच्या पात्यांसारखे स्टुडिओ जोडलेले. आणि प्रश्नचिन्हाची शेपटी म्हणजे गोलातून निघून लांबवर गेलेली इमारत, भविष्यातील वाढीसाठी. अंगणाच्या मधोमध उंच स्तंभावर हेलिऑस या ग्रीक सूर्यदेवतेचा सोनेरी पुतळा, शिल्पकार टी. बी. हक्सली-जोन्स यांनी घडवलेला. दूरचित्रवाणीच्या लहरी सूर्यकिरणांसारख्या जगभर पसरतात, ही त्यामागची कल्पना. पायथ्याशी ‘ध्वनी’ आणि ‘दृश्य’ यांचे प्रतीक असलेल्या दोन पहुडलेल्या आकृती. प्रवेशद्वाराजवळच्या दालनात जॉन पायपर यांचे मोझेइक भित्तिचित्र.

डॉबर्न यांच्या संस्थेचे आधीचे नाव झाले होते ते विमानतळांच्या कामासाठी. युद्धापूर्वीचा बर्मिंगहॅमचा एल्मडन विमानतळ त्यांचाच. हा तपशील सहसा नुसता उल्लेख करून सोडला जातो, पण तो महत्त्वाचा वाटतो. विमानतळाच्या आखणीतला मूळ प्रश्न असा : माणसे एका बाजूने येणार, विमाने दुसऱ्या बाजूने, आणि दोघांची गाठ नेमक्या एका दारापाशी पडली पाहिजे, त्याआधी कुठेही नाही. स्टुडिओतही नेमका हाच प्रश्न असतो.

आतली मांडणी नेमकी कशी चालायची?

स्टुडिओ म्हणजे मुळात खिडक्या नसलेली, जाड भिंतींची, उंच छताची रिकामी पेटी. बाहेरचा आवाज आत येता कामा नये आणि शेजारच्या स्टुडिओतला तर मुळीच नाही. जमीन इतकी सपाट हवी की जड कॅमेरा चाकांवर सरकताना चित्र थरथरू नये. वर दिव्यांची जाळी, आणि त्या दिव्यांच्या उष्णतेवर उतारा म्हणून प्रचंड वातानुकूलन यंत्रणा. यंत्रणा शक्तिशाली हवी आणि तिचा आवाजही येता कामा नये, हे त्यातले खरे कोडे. अशी एक पेटी बांधणे कठीण नाही. अशा आठ पेट्या एकाच वेळी, एकमेकींना त्रास न देता रोज वेगवेगळ्या कामासाठी वापरणे कठीण.

अशा स्टुडिओत दोन प्रकारची ये-जा असते. एक माणसांची : नट, गायक, वादक, रंगभूषाकार, तंत्रज्ञ आणि ध्वनिमुद्रणाला येणारे प्रेक्षक. दुसरी सामानाची : नेपथ्याच्या भिंती, जिने, सोफे, पडदे, खोटी झाडे. टेलिव्हिजन सेंटरमध्ये माणसे आतून यायची आणि सामान बाहेरून. गोलाच्या आतल्या बाजूला रंगपट, कपडेपट, विश्रांतीच्या खोल्या आणि वरच्या मजल्यांवर कार्यालये. गोलाच्या बाहेरून, सगळ्या स्टुडिओंच्या पाठीला लागून, छताखालचा एक रुंद रस्ता फिरवलेला. त्या रस्त्याच्या एका टोकाला नेपथ्य विभागाची भलीमोठी इमारत, म्हणजे सुतारकाम, रंगकाम आणि साठवणुकीचे कारखाने. तिथे तयार झालेला संच गाड्यांवर चढवून त्या रस्त्याने थेट संबंधित स्टुडिओच्या हत्तीदरवाजापर्यंत नेता येई. रंगवलेला राजवाडा नेताना तो पावसात भिजत नसे, आणि राजाच्या वेशातल्या नटाला त्या गाडीसाठी वाट सोडावी लागत नसे.

नेपथ्य विभागाची ही इमारत सर्वात आधी बांधली गेली, हेही बोलके आहे. स्टुडिओ व्हायच्या कितीतरी आधी कारखाना उभा राहिला होता आणि लाइम ग्रोव्हला सामान पुरवू लागला होता. ‘टेलिव्हिजन फॅक्टरी’ असे या संकुलाला म्हटले जाई ते उगाच नव्हे.

प्रत्येक स्टुडिओला वरच्या पातळीवर नियंत्रण कक्ष होते. निर्मिती आणि दिग्दर्शन, दिवे व चित्र, आणि ध्वनी अशी त्यांची विभागणी. तळघरात चित्रफितींची यंत्रे. गोलात एका जागी केंद्रीय यंत्रकक्ष, जिथे साऱ्या स्टुडिओंच्या तारा येऊन मिळत. चौथ्या मजल्यावर वाहिन्यांचे प्रक्षेपण-नियंत्रण आणि निवेदनासाठीचे दोन चिमुकले स्टुडिओ. हवामानाचा अंदाज सांगायला बांधलेल्या यांपैकी एका खोलीतून १९७१मध्ये ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ हा रॉक संगीताचा कार्यक्रम सुरू झाला, ही या वास्तूतली गमतीची गोष्ट. जागा इतकी कमी की प्रेक्षक बसवण्याचा प्रश्नच नव्हता. त्या अडचणीतूनच कार्यक्रमाला त्याचा साधा, भपका नसलेला बाज मिळाला.

सर्वात मोठा होता ‘स्टुडिओ १’. क्षेत्रफळ सुमारे १० हजार चौरस फूट, सुरुवात १९६४. निवडणूक निकालांच्या रात्री, मोठे संगीत कार्यक्रम, मदतनिधीचे रात्रभराचे प्रक्षेपण हे सारे इथून. त्याच्या दर्शनी विटांच्या भिंतीवरचे गोल ठिपके लोकांच्या चांगलेच ओळखीचे झाले. ‘स्टुडिओ ६’ची खासियत वेगळी होती. गरज पडल्यास त्याचे दोन भाग करता येतील, अशी त्याची योजना होती. १ जुलै १९६७ रोजी ‘बीबीसी टू’वर विम्बल्डनच्या सामन्यांनी ब्रिटनमध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, आणि त्या सुमारास इथल्या स्टुडिओंतही रंगीत कॅमेरे येऊ लागले.

एका दिवसात एक कार्यक्रम : हे गणित कसे जमायचे?

‘मॉन्टी पायथन’, ‘फॉल्टी टॉवर्स’मधले हॉटेलचे अंतर्भाग, ‘डॉक्टर हू’, ‘टॉप ऑफ द पॉप्स’, ‘ब्ल्यू पीटर’ असे एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले कार्यक्रम याच छपराखाली झाले. रात्री एका स्टुडिओत विनोदी मालिकेचे ध्वनिचित्रमुद्रण संपायचे. रातोरात तो संच उतरवून बाहेरच्या रस्त्याने परत जायचा, दुसरा यायचा. सकाळी दिवे लावून कॅमेऱ्यांसह तालीम, संध्याकाळी प्रेक्षक, आणि रात्री १० वाजता काम बंद. या १०च्या ठोक्याला फार महत्त्व होते. त्यापुढे गेले की जादा कामाचा मोबदला आणि रात्रपाळीच्या लोकांचे वेळापत्रक कोलमडणे, दोन्ही आलेच. म्हणून शेवटचे दृश्य अर्धवट राहण्याची भीती दिग्दर्शकांच्या मानगुटीवर कायम असे.

हा वेग शक्य व्हावा म्हणून दिव्यांची पद्धतही बदलली गेली. प्रत्येक कार्यक्रमासाठी दिवे काढून नव्याने लावण्याऐवजी छतभर, ठरावीक अंतरावर, दुहेरी कामाचे दिवे कायमचे टांगून ठेवायचे. एका बाजूने तीव्र झोत, दुसऱ्या बाजूने पसरट मंद प्रकाश. मग रात्रीतून फक्त फिरवायचे आणि खाली-वर करायचे. खर्चिक वाटणारी ही योजना प्रत्यक्षात वेळ, म्हणजेच पैसा वाचवणारी ठरली.

पण कारखाना म्हटले की कामगारांचे प्रश्नही आले. १९७९मध्ये ‘डॉक्टर हू’च्या ‘शाडा’ या कथेचे केंब्रिजमधले बाह्यचित्रण झाले, स्टुडिओतले पहिले सत्रही झाले आणि पुढच्या सत्राच्या वेळी संपामुळे स्टुडिओची दारे बंद राहिली. कथा त्या वेळी अपुरीच राहिली. सारे काही एकाच छताखाली असण्याचा हाच धोका. एक दार बंद झाले की सगळेच अडते.

मुंबईकरांना या पद्धतीची ओळख वेगळ्या प्रमाणात आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढे वरळीच्या ३०० मीटर उंच मनोऱ्याखालच्या इमारतीतून नाटके, ‘गजरा’, ‘ज्ञानदीप’, ‘आमची माती आमची माणसं’ असे कार्यक्रम होत राहिले. सार्वजनिक प्रसारकाचे स्वतःचे स्टुडिओ, स्वतःचे नेपथ्य, स्वतःचे तंत्रज्ञ हा नमुना मूळचा बीबीसीचाच. दूरदर्शनचे तंत्रज्ञ आणि निर्माते घडवणारा प्रशिक्षण विभाग १९७४मध्ये दिल्लीहून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला, तोही याच विचाराचा भाग.

मग या रचनेत खोट कुठे होती?

पहिली खोट विनोदाचा विषय झाली होती. गोल इमारतीत माणूस हरवतो. सगळे मार्ग वळत जातात, समोरचे टोक कधीच दिसत नाही, आणि चुकीच्या दिशेने निघालेला पाहुणा पूर्ण चक्कर मारून निघाल्या ठिकाणी परत येतो. नवख्या कर्मचाऱ्यांचा पहिला आठवडा यातच जाई. अंगणातला फवारा फार काळ चालला नाही, कारण गोल भिंतींमुळे पाण्याचा आवाज कार्यालयांत घुमत राहायचा असे सांगितले जाते. कागदावर सुंदर दिसणारे वर्तुळ कानांना मात्र त्रासदायक निघाले.

खरी खोट यापेक्षा गंभीर होती. वर्तुळ एकदा पूर्ण झाले की वाढत नाही. या बाबतीत अमेरिकेतल्या समकालीन संकुलाशी तुलना उद्बोधक ठरेल. सीबीएस कंपनीने लॉस एंजेलिसमध्ये १९५२मध्ये ‘टेलिव्हिजन सिटी’ उभारली. परेरा आणि लकमन या वास्तुरचनाकारांनी तिचा साधा, चौकोनी ठोकळा केला आणि काही बाह्य भिंती काढून पुढे सरकवता येतील, अशी व्यवस्था ठेवली. दिसायला ती इमारत लंडनच्या गोलापुढे फिकी. पण उद्या काय लागेल ते आज ठाऊक नाही, हे गृहीत धरून ती बांधली होती. डॉबर्न यांनी वाढीची सगळी आशा प्रश्नचिन्हाच्या शेपटीवर ठेवली. ती शेपटी लांबत गेली, शेजारी मनोरा आला, मोकळ्या जागा भरत गेल्या, आणि १९९८मध्ये वृत्त विभागासाठी नवी मोठी इमारत जोडली गेली. मूळ गोल मात्र १९६०च्याच मापाचा राहिला.

दरम्यान दूरचित्रवाणीच बदलली होती. हे संकुल आखले गेले ते ‘रोज नवा संच’ या गृहीतकावर. पण मालिकांचा जमाना आला तेव्हा रोज तोच संच लागू लागला. ‘ईस्टएंडर्स’ ही १९८५पासूनची बीबीसीची लोकप्रिय मालिका. तिच्यासाठी एक अख्खा चौकच बांधून ठेवायचा होता. तो टेलिव्हिजन सेंटरमध्ये मावणारा नव्हता, म्हणून लंडनबाहेर एल्स्ट्री येथे वेगळे स्टुडिओ विकत घेण्यात आले. नाटके आणि कथामालिका स्टुडिओ सोडून खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या घरांत चित्रित होऊ लागल्या. मराठीतही हेच झाले आहे. मालिकांचे वाडे आता साताऱ्यात आणि कोल्हापूरजवळच्या गावांत असतात. मुंबईत गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत आणि घोडबंदर, मीरा रोड पट्ट्यातल्या शेडमध्ये एकाच कुटुंबाचा दिवाणखाना दोन-तीन वर्षे उभा असतो. रोज संच हलवायचाच नसेल, तर त्यासाठी गोल रस्ता हवा कशाला?

यात १९९३च्या एका आर्थिक धोरणाची भर पडली. तत्कालीन महासंचालक जॉन बर्ट यांनी ‘प्रोड्युसर चॉइस’ ही पद्धत आणली. प्रत्येक निर्मात्याच्या हाती स्वतःचा निधी द्यायचा. स्टुडिओ, नेपथ्य, कपडेपट हे विभाग त्याला दर लावणार, आणि बाहेर स्वस्त मिळाले तर त्याने बाहेरून घ्यावे. कागदावर ही काटकसर. पण आतल्या दरांत इमारत, वातानुकूलन, कायम कर्मचारी या साऱ्याचा भार असायचा, त्यामुळे बाहेरचे नेहमीच स्वस्त दिसायचे. मग आतले स्टुडिओ रिकामे राहू लागले, आणि रिकाम्या स्टुडिओचा खर्च उरलेल्यांच्या दरात चढू लागला. एसटीच्या फेऱ्या कमी करून प्रवासी घटल्याची तक्रार करावी, तसाच हा प्रकार. नेपथ्याच्या कारखान्याचा ऱ्हास याच काळात झाला. आणि कारखानाच नसेल, तर त्याच्याभोवती आखलेल्या गोलाला अर्थ उरत नाही.

विक्री कशी झाली? काय वाचले, काय गेले?

इमारत पाडली जाण्याच्या शक्यतेने चर्चा सुरू झाल्यावर २००९मध्ये तिला ‘ग्रेड टू’ वारसा दर्जा मिळाला. पण तो सगळ्या संकुलाला नव्हता. मुख्य रोख होता मधल्या गोलावर आणि ‘स्टुडिओ १’च्या ठिपक्यांच्या भिंतीवर. नेपथ्याची इमारत आणि उपाहारगृहाची इमारत या दर्जातून वगळण्यात आली. वारसा ठरवताना दिसणाऱ्या भागाला मान आणि राबणाऱ्या भागाला वगळणे, हे फक्त ब्रिटनमध्येच होते असे नाही. मुंबईतल्या गिरण्यांची नुसती चिमणी जपून ठेवणाऱ्यांना ते ओळखीचे वाटेल.

मुलांचे कार्यक्रम, क्रीडा विभाग आणि सकाळचे वृत्तप्रसारण २०११-१२मध्ये मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डला गेले. तिथल्या ‘मीडिया सिटी’त बीबीसी मालक नव्हे, भाडेकरू आहे. जुलै २०१२मध्ये टेलिव्हिजन सेंटरची सुमारे २० कोटी पौंडांना ‘स्टॅनहोप’ या विकासकाला विक्री जाहीर झाली. मार्च २०१३मध्ये वृत्त विभाग मध्य लंडनमधील ब्रॉडकास्टिंग हाऊसमध्ये हलला, आणि त्या महिन्याच्या अखेरीस संकुल बंद झाले.

पुनर्विकासात ४ ते ८ क्रमांकांचे स्टुडिओ पाडले गेले. गोलाचा दर्शनी भाग आणि हेलिऑस तसेच ठेवून आतल्या कार्यालयांचे फ्लॅट आणि हॉटेल झाले, पाडलेल्या स्टुडिओंच्या जागी चंद्रकोरीच्या आकाराची निवासी इमारत आली. एकूण घरे साडेनऊशेच्या आसपास नियोजित. १, २ आणि ३ हे तीन स्टुडिओ राखले गेले आणि २०१७मध्ये बीबीसीच्याच ‘स्टुडिओवर्क्स’ या व्यावसायिक कंपनीमार्फत पुन्हा सुरू झाले. पुढच्याच वर्षी आयटीव्हीने थेम्सकाठचे स्वतःचे स्टुडिओ सोडले आणि आपले सकाळचे कार्यक्रम याच इमारतीत आणले. ज्या स्पर्धकाशी मुकाबला करण्यासाठी बीबीसीने हे संकुल घाईने पूर्ण केले होते, तोच स्पर्धक इथे भाडे भरून बसला.

हा व्यवहार योग्य होता का?

विकणाऱ्यांची बाजू दुर्बल नाही. बीबीसी चालते ती प्रत्येक घराकडून घेतल्या जाणाऱ्या परवाना शुल्कावर. त्या पैशातून रिकाम्या इमारती सांभाळणे हे कार्यक्रमांवरचा खर्च कमी करण्यासारखेच आहे. शिवाय जुन्या इमारतीतल्या वायरिंगपासून वातानुकूलनापर्यंत सारे बदलायला आले होते. आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. बीबीसीच्या काळात हे अंगण पास असल्याशिवाय दिसत नसे. आता तिथे कुणीही जाऊ शकतो.

तरीही हिशेब एवढ्यावर संपत नाही. संकुल बंद झाले त्याच वर्षी बीबीसीचा सर्वात लोकप्रिय नृत्यस्पर्धेचा कार्यक्रम, ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’, एल्स्ट्रीतल्या दुसऱ्याच्या स्टुडिओत हलवावा लागला. मोठ्या प्रेक्षकांसह होणारे कार्यक्रम संपलेले नव्हते, फक्त त्यांची जागा विकली गेली होती. पाठोपाठच्या दशकात ऑनलाइन मालिकांच्या लाटेने ब्रिटनमध्ये स्टुडिओंची मागणी इतकी वाढली की गोदामेसुद्धा स्टुडिओ म्हणून वापरात आली. मध्य लंडनपासून भुयारी रेल्वेच्या काही मिनिटांवर, तयार, ध्वनिरोधक असे पाच स्टुडिओ नेमके त्याआधी जमीनदोस्त झाले होते. लॉस एंजेलिसची ‘टेलिव्हिजन सिटी’ही सीबीएसने विकली, पण २०१८ साली, ७५ कोटी डॉलरना, आणि घेणाऱ्याने ती स्टुडिओ म्हणूनच घेतली. दोन शहरांतील जमिनीचे भाव आणि भूखंडांचे आकार वेगळे असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही. पण एकीकडे खरेदीदाराने स्टुडिओला किंमत दिली आणि दुसरीकडे जमिनीला, हा फरक उरतोच.

मुंबईत चित्र याहून विस्कळीत आहे. आर. के. स्टुडिओत १६ सप्टेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत मुख्य मंच जळाला, तेव्हा तिथे दूरचित्रवाणीवरील नृत्यस्पर्धेचा संच उभा होता. चित्रपटांसाठी बांधलेल्या छताखाली दूरचित्रवाणीचे संच, प्लायवूड आणि कापडाच्या भिंती, शेकडो दिवे. हे त्यावेळी साऱ्या शहरभर चालू होते आणि आजही चालू आहे. चित्रनगरीत सुमारे ५०० एकर जागा आहे, पण तिथेही रोजचे काम चालते ते बहुतांशी तात्पुरत्या संचांवर आणि ते उभारणाऱ्या कंत्राटी कामगारांवर. सामानाचा मार्ग वेगळा, माणसांचा वेगळा, आग लागली तर बाहेर पडायची दारे कोणती, रात्री १०ला काम थांबणार की पहाटे ४पर्यंत चालणार, हे इथे त्या त्या निर्मात्यावर सोडलेले असते. डॉबर्न यांच्या आराखड्यात या गोष्टी कुणाच्या मर्जीवर नव्हत्या, त्या इमारतीच्या भिंतींतच होत्या.

हेलिऑस आजही त्या अंगणात स्तंभावर उभा आहे. त्याच्याभोवतीच्या ज्या खिडक्यांआड एकेकाळी पटकथा टंकलिखित होत आणि वेळापत्रके ठरत, तिथे आता घरांचे पडदे लागले आहेत. बाहेरचा तो छताखालचा रस्ता मात्र नव्या आराखड्यात कुठेच दिसत नाही.